कुमारवयाचें मन आणि बीडची शाळा

‘पौगंड’ हा शब्द आपण हल्लीं ज्या अर्थानें वापरतों तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. जुन्या संस्कृत गणनेंत पांच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि त्यापुढें पंधरापर्यंत कैशोर अशी वयाची वांटणी आढळते. म्हणजे तेरा ते एकोणीस या वयासाठीं आमच्या शिक्षणशास्त्रज्ञांनीं जो शब्द उचलला तो वस्तुतः तिसरी-चौथींतल्या पोराचा आहे. ही चूक आतां इतकी रुळली आहे कीं ती सुधारण्याचा आग्रह धरणें म्हणजे निव्वळ पंडिती होय. परंतु ती झाली कशी, हें मात्र पाहण्यासारखें आहे. या वयाला वेगळें नांव देण्याची गरजच आपल्या समाजाला फार उशिरां भासली. मुलगी न्हाती झाली कीं सासरीं जाई. मुलगा मिसरूड फुटण्याच्या सुमारास नांगराला नाहीं तर दुकानाच्या गादीला लागे. बाल्य आणि प्रौढपण यांच्या दरम्यान रेंगाळावयाला जागा नव्हती. ती जागा शाळेनें निर्माण केली. सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत मूल बांकावर बसूं लागलें, तेव्हां कुठें घरच्यांच्या ध्यानांत आलें कीं हें आतां लहान राहिलें नाहीं आणि मोठेंही झालेलें नाहीं. मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्याशीं मित्रासारखें वागावें, हें सुभाषित घरोघर पाठ होतें खरें. पण तें मुलीविषयीं कांहींच बोलत नाहीं, आणि बापानें मित्र व्हावयाचें म्हणजे काय करावयाचें, हेंही सांगत नाहीं.

पाश्चात्य देशांतही या विषयाची जाणीव फार जुनी नाहीं. अमेरिकेंत स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञानें १९०४ सालीं या वयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि वादळ व ताण हें या वयाचें लक्षणच होय असें प्रतिपादिलें. १९२८ त मार्गारेट मीड या विदुषीनें सामोआ बेटांतील मुलींचें वर्णन करून असें वादळ सर्वत्र उठतेंच असें नाहीं, तें त्या त्या समाजाच्या घडणीवर अवलंबून असतें, असें म्हटलें. तिच्या निरीक्षणांवर मागाहून पुष्कळ आक्षेप आले, तो भाग निराळा. शिकागो येथें विल्यम हीली यानें १९०९ मध्यें गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांच्या मनाची तपासणी करण्यासाठीं एक संस्था काढली, तेथून बालमार्गदर्शनाच्या चळवळीला आरंभ झाला. आपल्याकडे मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ सालीं निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या आश्रयाखालीं बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू झालें. हिंदुस्थानांतील त्या जातीचें तें पहिलें.

मुंबईंत हें घडत असतां बीड जिल्हा दुसऱ्याच राज्यांत होता.

मुकुंदराज आणि दासोपंत यांचें अंबाजोगाई हें गांव निजामी अमलांत सरकारी कागदोपत्रीं मोमिनाबाद म्हणून ओळखलें जाई. लांबलचक कापडावर पंचीकरण लिहून मनुष्याच्या घडणीची फोड करणाऱ्या दासोपंतांच्या या गांवीं १९१७ सालीं योगेश्वरीच्या नांवानें एक खासगी शिक्षणसंस्था उभी राहिली. तिचें महत्त्व समजावयाचें तर त्या वेळच्या संस्थानांतील शिक्षणाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें व त्याचें माध्यम उर्दू ठरलें. इंग्रजी दूर सारून देशी भाषेंत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. परंतु मराठी, तेलुगु आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना ती देशी भाषा परकीच होती, आणि सरकारी माध्यमिक शाळांतून तीच चाले. अकरा-बारा वर्षांचा मुलगा ज्या भाषेंत आईशीं भांडे त्या भाषेंत त्याला गुरुजींना शंका विचारतां येत नसे. या एका गोष्टीचा मुलाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार भाषेच्या वादांत फारसा झाला नाहीं. आम्ही त्याकडे राजकारण म्हणून पाहिलें, आणि तें राजकारण होतेंही. परंतु वर्गांत बोलतांना चुकण्याच्या भीतीनें गप्प बसण्याची संवय ज्याला बाराव्या वर्षीं लागते, तो विसाव्या वर्षींही आपलें दुःख कोणाला सांगत नाहीं. मराठींतून शिकविणारी खासगी शाळा म्हणजे मुलाला प्रथम तोंड उघडूं देणारी शाळा होती.

या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून १९३५ च्या आगेमागें जे गृहस्थ आले त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी गांवीं. १९२० सालीं लोकमान्य टिळक वारले तेव्हां सतरा वर्षेंही पुरीं न झालेल्या या मुलानें आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली आणि असहकारितेच्या लाटेंत शाळाही सोडली. असा मुलगा आजच्या एखाद्या पालकानें समुपदेशकापुढें नेऊन बसविला असता तर त्याच्या कागदावर काय लिहिलें गेलें असतें, याचें मला राहून राहून कुतूहल वाटतें. पुढें टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचें शिक्षण, कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याकडे चिटणिसाचें काम आणि मग हिप्परगें येथील राष्ट्रीय शाळा, असा त्यांचा प्रवास झाला. ही शाळा १९२१ सालीं आजच्या धाराशिव जिल्ह्यांत निघालेली. १९३० सालीं त्यांनीं संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याहून ते अंबाजोगाईस आले आणि १९३८ च्या सत्याग्रहापर्यंत त्यांचा मुख्य व्यवसाय शिक्षकाचाच होता. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता म्हणून आपण त्यांना ओळखतों. पण त्या नेतृत्वाची पहिली आठ-दहा वर्षें कुमारवयाच्या मुलांच्या सहवासांत गेलीं, ही गोष्ट चरित्रकार एक-दोन परिच्छेदांत उरकतात.

त्या काळच्या राष्ट्रीय शाळांची रीत अशी असे कीं शिक्षक व विद्यार्थी यांच्यांत घंटेपुरताच संबंध नसे. व्यायाम, सूतकताई, प्रार्थना, जेवण या सगळ्यांत शिक्षक हजर. रात्रीं कोण जागा आहे, कोणाच्या घरून पत्र आलें नाहीं, कोण दोन दिवस जेवत नाहीं, हें त्याला विचारावें लागत नसे. तें त्याला दिसे. मन तपासण्याचें शास्त्र त्याच्यापाशीं नव्हतें, पण ज्या गोष्टी शास्त्राला प्रश्नावलींतून काढाव्या लागतात त्या त्याला सहवासानें कळत. असा सहवास सर्वांत उत्कट रूपांत खानदेशांत अंमळनेर येथें पाहावयास सांपडतो. साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते व छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणें, त्यांचीं अंथरुणें आवरणें, छात्रालयासाठीं हातानें लिहिलेलें दैनिक काढणें, हा त्यांचा क्रम सर्वश्रुत आहे. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची मांडणी पाहा. आश्रमांतील मुलें रात्रीं जमतात आणि एक प्रौढ मनुष्य त्यांना आपल्या लहानपणच्या चुका, खोटेपणा, भित्रेपणा सांगतो. उपदेश त्यांत पुष्कळ आहे. परंतु त्याचें बळ उपदेशांत नाहीं, मोठ्या माणसानें लहानांसमोर स्वतःची लाज उघडी करण्यांत आहे. आज गटसमुपदेशन म्हणून जें शिकविलें जातें त्याच्या मुळाशीं याहून निराळें असें कांहीं असेल असें मला वाटत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मग जुनें तेंच सोनें. तसें मात्र मुळींच नाहीं, आणि या जुन्या पद्धतीचे दोष स्पष्ट सांगितल्याखेरीज पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

पहिली गोष्ट, ही सारी व्यवस्था एका माणसावर उभी होती. १९३८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली, ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगांत गेले. त्याच हिंवाळ्यांत औरंगाबादच्या कॉलेजांत व उस्मानिया विद्यापीठांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. नागपूर विद्यापीठानें त्यांतील पुष्कळांना आसरा दिला. इतिहास या मुलांचें धैर्य नोंदवितो, आणि तें नोंदविण्यासारखेंच आहे. परंतु सतरा-अठरा वर्षांचीं मुलें घर, शिष्यवृत्ति आणि गुरु एकदमच गमावून परप्रांतांत गेलीं, त्यांपैकीं किती जणांना रात्रीं झोंप लागली असेल, हें लिहून ठेवण्याचें कोणाला सुचलें नाहीं. धैर्य आणि भय एकाच मनांत राहूं शकतात, हें त्या पिढीच्या भाषेंत बोलतां येत नव्हतें.

दुसरी गोष्ट, ब्रह्मचर्याच्या आदर्शाची. शरीरांत होणाऱ्या बदलांविषयीं त्या शाळांतून जें बोललें जाई तें मोघम आणि बहुतकरून भीति घालणारें असे. पुण्या-मुंबईकडे र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून उघड बोलत होते व त्याबद्दल खटले सोसत होते. आमच्या राष्ट्रीय शाळांनीं त्यांच्याकडे पाठच फिरविली. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुली. हिप्परगें काय, अंमळनेरचें छात्रालय काय, ही मुलांची कहाणी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानांत शारदा कायदा १९२९ सालीं झाला, तो निजामाच्या राज्याला लागू नव्हता. बीडकडच्या मुलीला कुमारवय नांवाची अवस्था अद्याप लाभावयाची होती.

आणि चौथी गोष्ट सांगतांना लेखणी अडखळते. शेंकडों मुलांचीं मनें सांभाळणाऱ्या साने गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. त्यावर अनेकांनीं अनेक परींनीं लिहिलें. कोणी त्यांत देशाची निराशा पाहिली, कोणी स्वभावाचा हळवेपणा. मला त्यांतून एवढेंच दिसतें कीं जो सर्वांचें ऐकतो त्याचें ऐकावयाला कोणी तरी असावें लागतें, अशी व्यवस्था त्या पद्धतींत कोठेंच नव्हती. पाश्चात्य देशांत समुपदेशकानें स्वतःही वडीलधाऱ्या समुपदेशकाकडे जात राहावें असा जो दंडक आहे, तो आपल्याकडे आजही शाळेच्या शिक्षकाला कोणी लागू करीत नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें. १९५६ सालीं बीड मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. शाळा गांवोगांव झाल्या, मराठी झाल्या, मुली आल्या. हें यश लहान नव्हे. परंतु शाळा सरकारच्या झाल्या तशी शिक्षकाची बदली होऊं लागली, आणि गांवांत न राहतां तालुक्याच्या ठिकाणाहून येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या शिक्षकाला रात्रीं कोण जागें आहे हें दिसेनासें झालें. याच काळांत जिल्ह्याच्या जीवनांत एक असा बदल झाला कीं ज्यानें मुलाचें घरच वर्षांतून सहा महिने नाहींसें केलें.

पश्चिम महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखाने १९५० नंतर झपाट्यानें वाढले. त्यांना ऊस तोडणारे हात हवे होते, आणि बालाघाटाच्या उतारावरील पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांत कोरडवाहू जमिनीवर पोट भरत नव्हतें. १९७२ च्या दुष्काळानें ही वाट अधिकच रुंद केली. मुकादम पावसाळ्यांत उचल देतो. दसरा-दिवाळी झाली कीं ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. कारखान्याच्या रानांत पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि होळी-पाडव्यानंतर माणसें परततात. या धंद्यांत मजुराची मोजणी माणशीं होत नाहीं, ‘कोयत्या’नें होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या हिशेबाचा परिणाम कुमारवयावर कसा होतो तें पाहा. पंधरा वर्षांची मुलगी एकटी गांवीं ठेवावी तर तिच्या सुरक्षिततेची चिंता, बरोबर न्यावी तर कोपीला दार नाहीं. आणि तिचें लग्न करून दिलें कीं चिंता मिटते व तिकडे एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षापूर्वीं लग्न झालेल्यांचें प्रमाण बीड जिल्ह्यांत शेंकडा ४० हून अधिक आढळलें. साऱ्या महाराष्ट्राचें तें शेंकडा २२ च्या आसपास होतें. यांस मागासलेपण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं आधीं आपल्या चहांतील साखरेचा हिशेब मांडावा.

मुलांसाठीं प्रथम कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. पुढें मुलांना गांवींच ठेवून शाळेच्या आधारानें हंगामी वसतिगृहें चालविण्याची योजना आली. ती शहाणपणाची होती. मूल आजी-आजोबांपाशीं किंवा शाळेंत राहतें, दोन वेळां जेवतें, वर्ग चुकत नाहीं. परंतु तिची नोंद पाहिली तर पटावरील हजेरी आणि जेवणाचीं ताटें यांची आहे. आई कार्तिकांत गेली ती फाल्गुनांत येणार, मधल्या काळांत तिचा आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून पांच मिनिटें ऐकूं येणार, आणि धाकट्या भावंडाला ताप आला तर निर्णय तेरा वर्षांच्या बहिणीनें घ्यावयाचा, या गोष्टीसाठीं रकाना नाहीं. आणखी एक विसंगति अशी कीं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा व या वसतिगृहांचा भरही आठवीपर्यंतच. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं मनाच्या विकारांपैकीं निम्म्यांचा आरंभ चौदा वर्षांच्या आंत झालेला असतो. म्हणजे ज्या वयांत रोगाचें बीज रुजून वर येऊं लागतें नेमक्या त्याच वयांत आपण हात काढून घेतों. नववींतल्या मुलीचें काय, हा प्रश्न सरकारी कागदांत नुकताच कोठें शिरला आहे. २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली, ती याच जाणिवेंतून.

कांहीं माणसांनीं वाट पाहिली नाहीं. शिरूर तालुक्यांत आर्वी येथें दीपक व कावेरी नागरगोजे या दांपत्यानें २००० सालीं ‘शांतिवन’ उभारलें. ऊसतोड्यांचीं आणि ज्यांच्या बापानें कर्जापायीं जीव दिला अशा शेतकऱ्यांचीं मुलें तेथें राहून शिकतात. बापानें जीव दिलेल्या मुलाची स्थिति समजावून घेण्यासारखी आहे. त्याच्या दुःखांत एक प्रश्न गुंतलेला असतो: माझ्यासाठीं तरी ते कां थांबले नाहींत? हा प्रश्न तो आईला विचारूं शकत नाहीं, कारण ती स्वतः त्यांत बुडालेली असते. आणि गांव एक तर कीव करतें नाहीं तर कुजबुजतें. तोच प्रश्न मनांत बाळगणारीं दहा मुलें एका छपराखालीं राहिलीं म्हणजे तो बोलल्याविनाही थोडा हलका होतो. जुन्या छात्रालयाचा गुण येथें पुन्हां दिसतो, आणि या वेळीं मुलीही त्यांत आहेत.

सरकारचा मार्ग याच्या समांतर चालला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरील १९९६ चा. त्या दोहोंची नजर मुख्यतः वेडाच्या औषधोपचारावर होती. ७ जानेवारी २०१४ रोजीं निघालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें दहा ते एकोणीस हें वय प्रथमच स्वतंत्र धरलें आणि समवयस्क मुलामुलींनाच साथी म्हणून तयार करण्याची कल्पना मांडली. पुढें प्रत्येक शाळेंत एक शिक्षक व एक शिक्षिका ‘आरोग्यदूत’ नेमावयाचे ठरलें. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळूं लागला. या योजनांची चेष्टा करणें सोपें आहे; मीं ती करणार नाहीं. चोरून फोन करणाऱ्या मुलीला अनोळखी आवाज हाच कधीं कधीं ओळखीच्या दहा माणसांहून अधिक भरंवशाचा वाटतो, आणि हें जुन्या गुरुजींना कधींच साधलें नसतें. पण फोन ज्याच्या हातांत आहे त्याच्यासाठींच हा उपाय. कोपीवरचा एकुलता फोन बापाच्या खिशांत असतो.

रोगाचें मोजमापही अजून अपुरें आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत तेरा ते सतरा वयोगटांत मनोविकारांचें प्रमाण शेंकडा ७.३ निघालें, पण त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगांव येथें वृद्धांसाठीं व मनोविकारांसाठीं सरकारी इमारत बांधली गेली, तों २०२० ची महामारी आली आणि तिचें करोना रुग्णालय झालें. मनाला रांगेंत मागें उभें राहावें लागतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

२५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें मुलांच्या मनाचें शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक नेमावा. ज्यांची संख्या त्याहून कमी त्यांनीं बाहेरील तज्ज्ञांशीं रीतसर दुवा ठेवावा. आदेश उत्तम आहे. मात्र बीडच्या डोंगरपट्ट्यांतील शाळेचा पट कोणत्या महिन्यांत मोजावयाचा, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. श्रावणांत शंभरांच्या वर असलेला पट मार्गशीर्षांत कोठें असतो, हें तेथील कोणताही शिक्षक सांगेल. शंभराच्या खालीं राहिलेल्या शाळांना ज्या तज्ज्ञांशीं दुवा जोडावा लागेल ते जिल्ह्याच्या पूर्व भागापुरते तरी अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भेटतील. धारूर-केजकडच्या खेड्यांतून तेथें जावयाचें म्हणजे आजीची एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय दोघांचें एस्. टी. चें भाडें. त्या महाविद्यालयाला स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे, आणि दारावरची ती पाटी वाचणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतें कीं ते याच गांवच्या शाळेचे मुख्याध्यापक होते.